प्रेस म्हणतंय ब्लीड नाही, डिझायनर म्हणतोय आहे: एका वायरो पुस्तिकेचं प्रकरण

काम तसं साधं होतं. ए५ साइजची रंगीत पुस्तिका, आतली ६४ पानं, पुढचं-मागचं कव्हर वेगळ्या जाड कागदावर, वायरो बाइंडिंग म्हणजे कडेला भोकं पाडून तारेच्या कड्यांत ओवलेली. प्रेसने काय हवं ते आधीच लिहून दिलेलं: पीडीएफ/एक्स-४ (छपाईसाठीचा पीडीएफचा प्रकार), चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड, पानं सुटी, स्प्रेड म्हणजे समोरासमोरची दोन पानं जोडून नकोत, आणि क्रॉप मार्क म्हणजे कुठे कापायचं ते दाखवणाऱ्या रेघा दिल्याच तर त्या ब्लीडच्या बाहेर. डिझायनरने फाइल पाठवली, प्रेसकडून एका ओळीचं उत्तर आलं, ब्लीड नाही. फाइल परत गेली, परत तेच उत्तर. मग त्याने मूळ फाइल आणि प्रेसला गेलेल्या दोन्ही पीडीएफ माझ्याकडे टाकल्या आणि वर लिहिलं की प्रेसवाले फाइल उघडून बघतच नाहीयेत, प्लीज जरा बघ.

ज्यांचा छपाईशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. छापलेले कागद गठ्ठ्याने कटिंग मशीनखाली जातात आणि पातं अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे होतंच, त्यामुळे कडेपर्यंत जाणारा रंग किंवा फोटो कापायच्या रेषेच्या थोडा बाहेरपर्यंत छापून ठेवतात म्हणजे कट सरकला तरी पांढरी कड दिसत नाही. तो जास्तीचा भाग म्हणजे ब्लीड, आणि जिथे कापायचं ती रेषा म्हणजे ट्रिम.

आधी मूळ फाइल उघडली, इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमधली. डॉक्युमेंट सेटअपमध्ये ब्लीड ३ मिमी, चारही बाजूंना. पानाभोवती लाल रेषा दिसतेय, फुल पेज फोटो त्या लाल रेषेपर्यंत ओढलेले. म्हणजे डिझायनर खोटं बोलत नव्हता. मग पहिली पीडीएफ उघडली तर पानाचा साइज १४८ बाय २१० मिमी, बरोब्बर ए५, एक मिमी इकडे नाही की तिकडे नाही. म्हणजे प्रेसही खोटं बोलत नव्हतं. वाद इथेच अडकला होता, एक जण आपली फाइल बघून बोलतोय आणि दुसरा त्यातून निघालेली पीडीएफ बघून, आणि दोघंही बरोबर.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. पीडीएफच्या प्रत्येक पानात एकच साइज नसतो, पाच चौकटी असू शकतात. मीडिया बॉक्स म्हणजे पूर्ण कागद, हा असावाच लागतो. क्रॉप बॉक्स म्हणजे स्क्रीनवर जेवढं दाखवायचं तेवढं. ब्लीड बॉक्स आणि ट्रिम बॉक्स नावाप्रमाणेच. आर्ट बॉक्स या कामात लागत नाही, सोडून द्या. गंमत अशी की ट्रिम किंवा ब्लीड बॉक्स फाइलमध्ये लिहिलेलाच नसेल तर तो क्रॉप बॉक्सएवढा धरला जातो, आणि क्रॉप बॉक्स पण नसेल तर मीडिया बॉक्सएवढा. म्हणजे माहिती नसली तरी फाइल गप्प बसत नाही, उत्तर देते, फक्त ते उत्तर कामाचं नसतं. आणि साधा पीडीएफ व्ह्यूअर तुम्हाला जो साइज दाखवतो तो क्रॉप बॉक्सचा, त्यावरून ब्लीड आहे की नाही हे ठरवताच येत नाही.

हे आकडे बघायला मी पॉपलर या पीडीएफच्या टूल्समधलं पीडीएफइन्फो वापरतो, त्याला बॉक्सचा पर्याय दिला की पाचही चौकटी पॉइंटमध्ये छापून देतं. नुसतं चालवलं तर पहिल्याच पानाच्या चौकटी दिसतात, सगळ्या पानांच्या हव्या असतील तर पहिलं आणि शेवटचं पान सांगावं लागतं, हे विसरू नका. अ‍ॅक्रोबॅट प्रो असेल तर प्रिंट प्रॉडक्शनमध्ये सेट पेज बॉक्सेस उघडून तेच दिसतं. एक इंच म्हणजे ७२ पॉइंट, त्या हिशोबाने ३ मिमी म्हणजे ८.५० पॉइंट, ए५ म्हणजे ४१९.५३ बाय ५९५.२८, आणि ब्लीड धरून १५४ बाय २१६ मिमी म्हणजे ४३६.५४ बाय ६१२.२८. हे तीन आकडे कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा, ए५ च्या कामात सारखे लागतात.

पहिल्या पीडीएफमध्ये सगळ्या चौकटी ४१९.५३ बाय ५९५.२८. ब्लीड बाहेर आलंच नव्हतं. कारण एक्सपोर्टच्या खिडकीत मार्क्स अँड ब्लीड्स नावाचा भाग असतो, तिथे यूज डॉक्युमेंट ब्लीड सेटिंग्ज म्हणून एक टिक असते, ती नव्हती. इनडिझाइनसोबत येणारे जे प्रीसेट म्हणजे तयार सेटिंगचे संच आहेत त्यांच्यात ती टिक मुळात बंदच असते, पीडीएफ/एक्स-४ च्या प्रीसेटमध्ये सुद्धा. आणि इथेच बरेच जण फसतात, कारण पीडीएफ/एक्स-४ निवडलं म्हणजे छपाईसाठी सगळं आपोआप आलं असं वाटतं. तसं नाहीये. आयएसओ १५९३०-७ म्हणजे पीडीएफ/एक्स-४ चं जे स्टँडर्ड आहे त्याला पानावर ट्रिम बॉक्स किंवा आर्ट बॉक्स हवा असतो, ब्लीड किती असावं हे ते सांगत नाही. शून्य ब्लीडची फाइल त्या तपासणीत आरामात पास होते, हिरवी खूण येते, आणि प्रेसकडून परत येते.

टिक लावायची गोष्ट प्रेसच्या पहिल्या नकारानंतरच डिझायनरच्या लक्षात आलेली, त्याने ती लावून दुसरी पीडीएफ काढली होती असं तो शपथेवर सांगत होता. मग दुसऱ्यांदा पण ब्लीड नाही का आलं?

दुसऱ्या पीडीएफच्या चौकटी बघितल्या, परत सगळ्या १४८ बाय २१०. वरवर बघितलं तर पहिल्यासारखीच केस. पण पान मोठं करून बघितलं तर फुल पेज फोटोच्या वर आणि खाली बारीक पांढरी पट्टी, डावीउजवीकडे मात्र काही नाही. मोजली तर साधारण १.२ मिमी. हा आकडा दिसला की मला पुढचं काही विचारावं लागत नाही. १५४ बाय २१६ चं पान १४८ बाय २१० च्या कागदात मावायला कमी केलं तर रुंदीच्या हिशोबाने ते ९६.१ टक्के होतं, मग उंची २१६ ची २०७.६ होते, २१० मधून उरले २.४, वर १.२ खाली १.२. म्हणजे ब्लीडवाली बरोबर फाइल कोणीतरी ए५ कागद निवडून, फिट टू पेज करून, प्रिंटच्या रस्त्याने परत पीडीएफ केलेली. डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये प्रोड्यूसरचं नाव बघितलं तर ते पण इनडिझाइनवालं नाही, प्रिंट ड्रायव्हरवालं. मूळचं १० पॉइंटचं अक्षर ९.६ झालेलं, ते कोणाच्या डोळ्यांना कळणार?

विचारल्यावर उलगडा झाला. डिझायनरने बरोबर फाइल आधी क्लायंटकडे मंजुरीला पाठवली होती आणि क्लायंटने तिथून थेट प्रेसला. मधे क्लायंटच्या ऑफिसात कोणीतरी पीडीएफ उघडली, साइज १५४ बाय २१६ दिसला, ठरलेलं तर ए५, मग त्याने बिचाऱ्याने चांगल्या मनाने तो नीट करून दिला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, ब्लीड हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. यावर उपाय सेटिंगचा नाही, सवयीचा आहे, क्लायंटला बघायला वेगळी पीडीएफ द्यायची, ब्लीड नसलेली, फाइलच्या नावातच फक्त वाचण्यासाठी असं लिहून, आणि छपाईची फाइल डिझायनरकडून सरळ प्रेसला. प्रिंटच्या रस्त्याने केलेल्या पीडीएफमध्ये ट्रिम आणि ब्लीड बॉक्स राहत नाहीत, ऑनलाइन साइज कमी करणारी टूल्स पण काय काय खातील सांगता येत नाही, त्यामुळे एक्सपोर्ट झाल्यावर फाइलला हातच लावायचा नाही.

तर प्रेसचं वाक्य दोन्ही वेळा एकच होतं, ब्लीड नाही, आणि कारणं दोन वेगळी, दोन वेगळ्या माणसांकडून. डिझायनरने पहिलं कारण दुरुस्त केलं आणि तक्रार तशीच राहिली म्हणून त्याला वाटलं की प्रेसच चुकतंय. मला विचाराल तर प्रेसने पण पानाचा साइज आणि चौकटीचे आकडे उत्तरात लिहायला हवे होते, दोन शब्दांच्या नकारातून कोणाला काय कळणार.

आता नवीन एक्सपोर्ट केलं. टिक लावलेली, मार्क बंद. आकडे आले: मीडिया बॉक्स ० ० ४३६.५४ ६१२.२८, ब्लीड बॉक्स तेवढाच, आणि ट्रिम बॉक्स ८.५० ८.५० ४२८.०३ ६०३.७८. असं दिसलं की चौकटी बरोबर. मार्क का बंद केले, तर इनडिझाइनमध्ये क्रॉप मार्कचा ऑफसेट, म्हणजे पानाच्या कडेपासूनचं अंतर, मुळात २.११७ मिमी असतो म्हणजे ६ पॉइंट, आणि ब्लीड ३ मिमी, मग मार्कची टोकं ब्लीडच्या आत जवळपास एक मिमी घुसतात. ठेवायचेच असतील तर ऑफसेट ३ किंवा जास्त करा. पण आता बहुतेक ठिकाणी इम्पोझिशनचं, म्हणजे मोठ्या कागदावर पानं मांडायचं, सॉफ्टवेअर ट्रिम बॉक्स वाचून स्वतःचे मार्क टाकतं, त्याला आपल्या मार्कांची गरज नसते.

चौकटी बरोबर आल्या म्हणजे चित्रं तिथपर्यंत पोचलीयत असं नाही, हे पण बघावं लागतं. ब्लीड बॉक्स ३ मिमी बाहेर आहे पण त्यात नुसता पांढरा कागद आहे, असंही होतं. इथे पुस्तिकेतला प्रत्येक चॅप्टर ज्या पानावर सुरू होतो त्या पानांची रंगीत पट्टी पॅरेंट पेजवर, म्हणजे अनेक पानांना लागू होणाऱ्या साच्यावर, होती आणि ती ट्रिमला स्नॅप होऊन तिथेच थांबलेली, त्यामुळे तेवढी सगळी पानं एका फटक्यात बिघडलेली आणि एका फटक्यात सुधारली. एक फुल पेज फोटो मात्र १७४८ बाय २४८० पिक्सेलचा होता, म्हणजे ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) नेमका ए५, ब्लीडसाठी त्यात काही शिल्लकच नाही. तो १०४ टक्क्यांच्या जरा वर वाढवला, पीपीआय २८८ वर आलं, ते चालतं. मूळ फोटो परत मागायला हरकत नव्हती पण एवढ्यासाठी नाही. हे सगळं डोळ्यांनी शोधण्यापेक्षा इनडिझाइनच्या प्रीफ्लाइटमध्ये, म्हणजे छपाईआधीच्या तपासणीत, स्वतःचं प्रोफाइल करून ब्लीड/ट्रिम हॅझर्ड चालू करा, बेसिक प्रोफाइलमध्ये ते नसतं.

इथपर्यंत आल्यावर प्रेसच्या तपासणीत फाइल पास झाली असती. पण या प्रकरणातली खरी भानगड यानंतरची आहे आणि ती कुठलीही तपासणी पकडत नाही.

मी पानं एकेक करून बघत होतो, अ‍ॅक्रोबॅटच्या प्रेफरन्समध्ये आर्ट, ट्रिम आणि ब्लीड बॉक्स दाखवा असा पर्याय आहे तो चालू करून. १३ नंबरचं पान, पांढऱ्या पानावर नुसता मजकूर, आणि त्याच्या डाव्या कडेला ट्रिमच्या बाहेर ३ मिमीची निळी पट्टी. १२ नंबरवर समुद्राचा फुल पेज फोटो होता, त्याचा तुकडा इकडे आलेला. आणि १२ नंबरच्या उजव्या कडेला ट्रिमच्या बाहेर पांढरं, म्हणजे १३ नंबरचा कागद. डॉक्युमेंट फेसिंग पेजेसचं, म्हणजे समोरासमोरच्या पानांचं होतं. त्यात दोन पानं मधल्या रेषेवर एकमेकांना चिकटलेली असतात, मग आतल्या बाजूचं ब्लीड मागितलं की त्या रेषेपलीकडे जे आहे ते येतं, आणि पलीकडे शेजारचं पान असतं. सॉफ्टवेअरचं काही चुकत नाही, त्याने जे सांगितलं ते दिलं.

सेंटर पिनच्या, म्हणजे मधल्या घडीवर पिना मारलेल्या पुस्तिकेत याने फरक पडत नाही कारण मधल्या बाजूला कट नसतो, घडी असते, तिथे आतलं ब्लीड शून्य ठेवलं तरी चालतं. ही पुस्तिका पण आधी पिनचीच ठरली होती, नंतर टेबलावर सपाट उघडी राहावी म्हणून वायरो केली, आणि फाइल मात्र तीच पुढे नेली. वायरोमध्ये प्रत्येक पान सुटं असतं आणि चारही बाजूंनी कापलं जातं, मग आतली कड पण इतर तीन कडांसारखीच. कट अर्धा मिमी सरकला की १३ नंबरवर भोकांच्या शेजारून एक निळी रेघ आणि १२ नंबरवर फोटो आणि कडेच्या मधे एक पांढरी रेघ. चौकटी बरोबर, ब्लीडमध्ये रंगही आहे, प्रीफ्लाइट खूश, आणि छापून आल्यावर पुस्तिकाभर रेघा.

यावर दोन रस्ते. एक, डॉक्युमेंट सेटअपमध्ये फेसिंग पेजेस बंद करायचं. ऐकायला सोपं आहे पण डावी-उजवी पॅरेंट पेज, आतलं-बाहेरचं मार्जिन, पान नंबरच्या जागा, सगळ्याचा गोंधळ होऊ शकतो, ६४ पानं परत तपासायची कोणाची तयारी होती. दुसरा रस्ता मला जास्त आवडतो. पेजेस पॅनेलच्या मेन्यूत अलाऊ डॉक्युमेंट पेजेस टू शफल ही टिक काढायची आणि मग स्प्रेडमधलं उजवं पान ओढून डाव्यापासून सुटं करायचं. पान उजवंच राहतं, नंबर तेच, मार्जिन तेच, फक्त शेजारी कोणी नाही, त्यामुळे आतल्या बाजूला रिकामी जागा मिळते. मग फोटोची आतली कड पण लाल रेषेपर्यंत ओढायची. १२ नंबरचा समुद्र उजवीकडे ३ मिमी वाढवला, १३ नंबरच्या कडेची निळी पट्टी आपोआप गेली.

डिझायनर सगळेच स्प्रेड सुटे करायला बसला होता, त्याला थांबवलं. दोन पानांवर पसरलेले जे फोटो होते त्या ठिकाणी शेजारच्या पानाचा तुकडा ब्लीडमध्ये येणं हेच हवं असतं, कारण तो त्याच फोटोचा पुढचा भाग आहे, कट सरकला तर फोटोच दिसेल. ते स्प्रेड जोडलेलेच ठेवायचे. उलट ते सुटे केले असते तर फोटो एकाच पानासोबत गेला असता आणि दुसऱ्या पानावर त्याची कॉपी हाताने बसवत बसावं लागलं असतं. दोन्हीकडे पांढरी पानं असतील तिथेही काही करायचं नाही. म्हणजे फक्त तिथेच हात लावायचा जिथे मधल्या रेषेच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काम निम्म्याहून कमीवर आलं. पसरलेल्या फोटोंचा दुसरा त्रास वेगळा, भोकांच्या पट्टीत मधला भाग जातोच, एका फोटोत बरोबर मध्यावर उभा माणूस होता, त्याला एका बाजूला सरकवला.

कव्हर वेगळ्या ऑनलाइन टूलमध्ये केलेलं होतं. तिथे ब्लीडचा पर्याय न वापरता पानाचा साइजच १५४ बाय २१६ ठेवलेला, म्हणजे रंग पुरेसा पण ट्रिम बॉक्स पण १५४ बाय २१६, इम्पोझिशनला हे मोठं पुस्तक वाटणार. हे अ‍ॅक्रोबॅटमध्ये सेट पेज बॉक्सेसमधून ट्रिमला चारही बाजूंनी ३ मिमी देऊन सुटतं, मूळ फाइल उघडायची पण गरज नाही. पण मग लक्षात आलं की लोगो पानाच्या कडेपासून ५ मिमीवर होता तो आता खऱ्या कटपासून २ मिमीवर आला. तो मूळ फाइलमध्ये जाऊन आत घ्यावाच लागला, आणि भोकांच्या बाजूला किती जागा मोकळी हवी ते प्रेसला विचारून शीर्षक पण सरकवलं.

पाठवण्याआधी काही पानं साध्या प्रिंटरवर ए४ कागदावर अ‍ॅक्च्युअल साइजला, म्हणजे फिट नाही, छापून घेतली, मीडिया बॉक्स १५४ बाय २१६ असल्यामुळे ब्लीडसकट आरामात मावतात. पट्टी ठेवून कटरने कापली, एकदा बरोबर रेषेवर आणि एकदा मुद्दाम १ मिमी आत-बाहेर. १२ आणि १३ नंबर दोन्ही वेळा स्वच्छ निघाले.

पण या कापाकापीत एक नवीन गोष्ट सापडली. काही पानांवर कडेने चारही बाजूंनी ३ मिमी रुंदीची रंगीत चौकट होती, ब्लीडपर्यंत नीट वाढवलेली, सेटिंगच्या दृष्टीने निर्दोष. १ मिमी सरकवून कापल्यावर एका बाजूला २ मिमी आणि समोरच्या बाजूला ४ मिमी, म्हणजे एकीकडे दुप्पट, लांबून दिसतं की वाकडं कापलंय. याला ब्लीड वाढवून काही होत नाही. मी म्हटलं चौकट काढून टाका, डिझायनरला ती हवी होती, क्लायंटला तर फारच हवी होती. शेवटी ८ मिमी केली, मग ७ आणि ९ चा फरक डोळ्यांना टोचत नाही, आणि मजकुराची चौकट त्या पानांवर थोडी आत घेतली. दोन पानांवर त्यामुळे शेवटची ओळ पुढच्या पानावर गेली, तेवढं संपादकाकडून एकेक वाक्य छोटं करून घेतलं आणि फाइल प्रेसला गेली. या वेळी उत्तरात ट्रिम बॉक्सचे आकडे लिहून आले, १४८ बाय २१०, ब्लीड ३, पुढे घेतोय.